०.९४ आलंय, तरी पोटात गोळा का? (खाडीचं पाणी, गाळातले जीव आणि सीसीए)

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

राहते ठाण्यात, एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. विषय आपली खाडी. विटाव्यापासून वाशीच्या पुलापर्यंत सहा जागा ठरवल्या आणि वर्षभरात चार फेऱ्या केल्या: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी. सहा चोक चोवीस नमुने. प्रत्येक नमुन्यामागे दोन याद्या आहेत. पहिलीत पाणी आणि तळाची माती: तापमान, क्षारता, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट, आणि मातीतलं वाळू-पोयटा-चिकणमातीचं प्रमाण. दुसरीत गाळ चाळून मोजलेले जीव: पॉलिकीट कृमी, शिंपले, गोगलगाई, अँफिपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) वगैरे सात गट.

सर म्हणाले, सीसीए कर. मी शोधाशोध करून कॅनॉनिकल कोरिलेशन अ‍ॅनालिसिस केलं, 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिला सहसंबंध आला ०.९४! सर खूश. प्रबंधात वाक्यसुद्धा घालून झालं: "खाडीतील जीवांमधील ८८ टक्के फरक पाण्याच्या गुणधर्मांनी स्पष्ट होतो." (०.९४ चा वर्ग.)

पण मला खरंच कळलेलं नाही की हा ०.९४ कशाचा कशाशी आहे. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर मी काय सांगू? गणित बारावीनंतर सुटलंय, तेव्हा जरा हळू.

गावदेवी
जागा पकडून ठेवतो. शीर्षक वाचून शेअर बाजाराचा धागा वाटला होता.

निवृत्तमास्तर
ताई, प्रश्न चांगला विचारलात. आकडा छापण्याआधी तो कशाचा आहे हे विचारणारे विद्यार्थी मला तीस वर्षांत फार थोडे भेटले.

आधी साधा सहसंबंध घ्या. क्षारता एका बाजूला, शिंपल्यांची संख्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही किती एकत्र हलतात ते सांगणारा उणे एक ते एक यांमधला एक आकडा. पण तुमच्याकडे एका बाजूला आठ-नऊ चल (म्हणजे मोजलेल्या गोष्टी), दुसऱ्या बाजूला सात. सगळ्या जोड्या लावत बसलात तर आठ साते छप्पन्न आकडे. त्यातले दोन-तीन निव्वळ योगायोगाने 'पाच टक्के पातळीवर लक्षणीय' निघतील, आणि नेमके तेच प्रबंधात ठळक होतील.

हॅरॉल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात यावर मार्ग काढला. पाण्याच्या यादीतल्या प्रत्येक चलाला एकेक भार द्यायचा आणि बेरीज करायची. मिळाला एक मिश्र आकडा, त्याला 'पाणी-गुण' म्हणू. जीवांच्या यादीचंही तसंच करायचं, तो 'जीव-गुण'. भार कोणते घ्यायचे? या दोन गुणांमधला सहसंबंध जास्तीत जास्त येईल असे. तो जो जास्तीत जास्त येतो, तोच तुमचा ०.९४. मग दुसरी जोडी काढायची, जिचा पहिलीशी काडीचाही संबंध नसेल. मग तिसरी. लहान यादीत जितके चल तितक्या जोड्या, म्हणजे तुमच्याकडे सात.

हॉटेलिंगचं मूळ उदाहरण आजही शिकवण्याजोगं आहे. सातवीतली १४० मुलं. एका बाजूला वाचनाचा वेग आणि वाचनाची क्षमता, दुसऱ्या बाजूला अंकगणिताचा वेग आणि क्षमता. पहिला कॅनॉनिकल सहसंबंध आला साधारण ०.३९, दुसरा ०.०७. बघा, १४० मुलं, दोन्हीकडे दोन-दोनच चल, आणि आकडा ०.३९. तुमचे २४ नमुने, पंधराएक चल, आणि आकडा ०.९४. तुमच्या पोटात गोळा आला तो बरोबर जागी आलाय.

(तेच १९३६ साल महालनोबिस यांच्या 'अंतरा'चं, म्हणजे अनेक मापं एकत्र धरून दोन गट किती दूर ते मोजायच्या रीतीचं. एका वर्षात हे दोन शोध. आमच्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचे जांभया द्यायचे.)

रबाळेकर
मास्तर म्हणतात त्यावर माझी फजिती सांगतो. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो, नाव जाऊ द्या. साहेबांना कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये हे कॅनॉनिकल प्रकरण भेटलं. प्रक्रियेची नऊ मापं (तापमान, दाब, ढवळण्याचा वेग, वेळ असं सगळं) आणि मालाच्या दर्जाची सहा. बॅचेस किती? चौदा.

उत्तर आलं १.००. एक नाही, दोन सहसंबंध चक्क १.००. साहेबांनी स्लाइड केली, वरिष्ठांसमोर दाखवली, पेढे तेवढे वाटायचे राहिले. पुढची बॅच त्या भारांवरून 'सेट' केली आणि माल गेला भंगारात.

नंतर एका मित्राने कागदावर मांडून दाखवलं. चौदा बॅचेस, सरासरी वजा केली की उरतात तेरा मोकळ्या दिशा, म्हणजे आकड्यांना स्वतंत्रपणे बदलायच्या तेरा वाटा. त्यात एक यादी नऊ दिशा व्यापते, दुसरी सहा. नऊ आणि सहा पंधरा. तेरा दिशांच्या घरात पंधरा दिशा कोंबल्या तर निदान दोन ठिकाणी त्या एकमेकींवर पडणारच. म्हणून दोन १.००. कारखान्यातल्या आकड्यांऐवजी लॉटरीचे नंबर भरले असते तरी १.०० च आला असता.

खाडीकाठची
बाप रे. माझे २४, म्हणजे २३ दिशा. आठ आणि सात पंधरा. निदान २३ च्या आत आहे!

(आधी नऊ होते. पण एका पॅकेजने 'मॅट्रिक्स सिंग्युलर आहे' म्हणून हात वर केले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून चिकणमाती काढून टाकली, मग चाललं. का चाललं ते तिलाही माहीत नाही.)

पाणबुडी
वाळू + पोयटा + चिकणमाती = १००. तिन्ही टक्केवारीत आहेत ना? दोन कळले की तिसरा आपोआप कळतो, त्यात नवीन माहिती शून्य. या रीतीत मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) उलटवावी लागते आणि अशी मॅट्रिक्स उलटत नाही. एक चल काढलंत ते योग्यच.

आता मुख्य मुद्दा. तुमचे सर परिसरशास्त्राचे असतील तर 'सीसीए' म्हणताना त्यांच्या मनात वेगळंच काही असण्याची दाट शक्यता आहे. आमच्यात सीसीए म्हणजे कॅनॉनिकल करस्पॉन्डन्स अ‍ॅनालिसिस. ते टेर ब्राक यांचं, १९८६ चं. आद्याक्षरं तीच, जनावर निराळं. 'आर'मधल्या 'व्हेगन' पॅकेजात सीसीए नावाचं जे फंक्शन आहे ते करस्पॉन्डन्सचं. तुम्ही चालवलंत ते कोरिलेशनचं.

गावदेवी
म्हणजे दोन चुलतभाऊ, नाव एकच, आणि कुरिअरवाला पार्सल दुसऱ्याच घरी टाकून गेला.

खाडीकाठची
मी आत्ता डोकं धरून बसलेय. सर परिसरशास्त्राचेच आहेत. मग आता दोघांतला फरक काय, तेही सांगा.

पाणबुडी
थोडक्यात सांगते. कॅनॉनिकल कोरिलेशनमध्ये दोन्ही याद्या समसमान, कुणी कारण नाही, कुणी परिणाम नाही. बाजू अदलाबदल केल्या तरी आकडे तेच. तुमचा प्रश्न तसा नाही. पाण्यामुळे जीव बदलतात का, हे तुम्हाला विचारायचंय. त्यासाठी रिडन्डन्सी अ‍ॅनालिसिस, आरडीए (व्हान डेन व्होलेनबर्ग, १९७७). त्यात जीवांच्या यादीतला प्रत्यक्ष किती फरक पाण्याच्या यादीवरून सांगता येतो ते मोजतात. पाण्याच्या बाजूला आठ चल असले तरी चालतात, पण नमुन्यांच्या मानाने तेही जास्तच.

करस्पॉन्डन्सवालं सीसीए कधी घ्यायचं? एखादा जीव फार गोड पाण्यातही नाही, फार खाऱ्यातही नाही, मधल्या पट्ट्यात भरपूर, असा उंटाच्या पाठीसारखा आलेख असेल तेव्हा. विटाव्यापासून वाशीपर्यंत क्षारतेचा लांब चढ मिळत असेल तर तो विचार करा. आणि काहीही केलंत तरी कच्ची संख्या सरळ घालू नका. एका चाळणीत चारशे कृमी निघाले की तो एकच नमुना सगळं ओढून नेतो. हेलिंजर रूपांतर करा. प्रत्येक नमुन्यात त्या गटाचा वाटा काढा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. काम एका ओळीचं आहे.

निवृत्तमास्तर
पाणबुडीताईंनी छान सांगितलं. आता ते '८८ टक्के' वाक्य. कृपा करून ते काढा.

०.९४ चा वर्ग ०.८८, गणित बरोबर. पण तो 'पाणी-गुण' आणि 'जीव-गुण' या दोन मिश्रणांमधला आहे. जीव-गुण म्हणजे जीव नव्हेत. सात गटांमधल्या एकूण फरकातला अगदी बारीक कोपरा त्या मिश्रणात आलेला असू शकतो. स्ट्यूअर्ट आणि लव्ह यांनी १९६८ मध्ये याच कारणासाठी रिडन्डन्सी निर्देशांक सुचवला. जीव-गुण मूळ गटांमधला सरासरी किती फरक धरतो ते आधी काढायचं, मग त्याला ०.८८ ने गुणायचं. धरतो १५ टक्के, तर हाती राहिले साधारण १३ टक्के. हॉटेलमध्ये मेनूकार्डावरची थाळी आणि पानात आलेली थाळी, एवढा फरक.

आणखी एक. भारांकडे बघून 'फॉस्फेट ऋण आलं म्हणजे फॉस्फेट जिवांना मारतं' असलं काही लिहिलं असेल तर तेही खोडा. तापमान वाढलं की विरघळलेला ऑक्सिजन उतरतो. असे चल एकमेकांत गुंतलेले असताना भार एकमेकांची कामं वाटून घेतात, चिन्हंसुद्धा उलटी पडतात. मूळ चलाचा त्या गुणाशी साधा सहसंबंध काढा, त्याला लोडिंग म्हणतात, आणि वाचायचं ते लोडिंग. तिथेही अख्ख्या जोडीचं चिन्ह उलटलं तरी अर्थ तोच राहतो, त्यामुळे मैत्रिणीच्या संगणकावर अधिक आणि तुमच्या संगणकावर उणे दिसलं म्हणून घाबरू नका.

तिरपागडा
मास्तर, हे सगळं ठीक, पण तिचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. ०.९४ खरा की खोटा? बार्टलेटची चाचणी लावा, पी-व्हॅल्यू (नातं नसतानाही एवढा आकडा यायची शक्यता) काढा, विषय संपवा.

निवृत्तमास्तर
बार्टलेटच्या काय-वर्ग अंदाजाला भरपूर नमुने लागतात आणि चलांचं वाटप 'सामान्य' (नॉर्मल, घंटेच्या आकाराचं) लागतं. चाळणीत मोजलेले किडे सामान्य वाटप पाळत नाहीत, आणि २४ म्हणजे भरपूर नव्हे. त्यापेक्षा ताई, पत्ते पिसा.

म्हणजे असं: पाण्याची यादी आहे तशी ठेवा. जीवांच्या यादीतल्या ओळी पिसा, म्हणजे मे महिन्यातल्या ऐरोलीच्या पाण्यासमोर फेब्रुवारीतल्या वाशीचे जीव येतील. आता दोन याद्यांत काही नातं उरलेलं नाही. पुन्हा तेच विश्लेषण, पहिला आकडा लिहून ठेवा. असं हजार वेळा. 'आर'मध्ये चार ओळींचं काम. मग बघा, नातं नसताना किती येतो आणि तुमचा ०.९४ त्यांच्यात कुठे बसतो.

खाडीकाठची
करून आले. चहा घ्या आधी.

पिसलेल्या हजार खेळांची सरासरी ०.८९. परत वाचा: काहीही नातं नसताना शून्य पूर्णांक एकोणनव्वद. आणि हजारातल्या ११२ वेळा ०.९४ किंवा त्याहून जास्त आला.

एक वर्ष चिखलात उभी होते मी.

रबाळेकर
ताई, चिखल वाया नाही गेला, फक्त स्लाइड गेली. माझा तर मालही गेला होता.

निवृत्तमास्तर
रडू नका, हे अपेक्षितच होतं. एवढ्या कमी नमुन्यांत पंधरा भार हवे तसे फिरवायची मुभा दिली की यंत्र कुठूनतरी जुळवून आणतंच. उपाय एकच, पिसण्यापूर्वी यादी छोटी करा. पण निकाल बघून चल निवडू नका, नाहीतर तोच खेळ मागच्या दाराने परत येतो. खाडीबद्दल तुम्हाला जे आधीपासून माहीत आहे त्यावरून निवडा. दोन्हीकडे तीन-तीन.

चिंबोरी
मधे बोलतोय, राग नसावा. मला यातलं गणित झेपत नाही, कॉमर्सचा आहे. पण आमचं घर वाशीगावात, आजोबा खाडीत जाळं टाकायचे, म्हणून एक विचारतो. नमुने भरतीला घेतलेत की ओहोटीला? आणि उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) होतं की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान)?

खाडीकाठची
होडी मिळाली तेव्हा घेतले दादा. दोन वेळा सकाळी, दोन वेळा दुपारी. एका दिवसात सहाही जागा होत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीला दोन दिवस लागले. उधाण-भांग बघितलंच नाही.

चिंबोरी
मग ताई, एकाच जागेचं पाणी दोनदा घेतलं तरी वेगळं येणार ना. उधाणाच्या भरतीला समुद्राचं पाणी वर ऐरोलीच्या पुढेपर्यंत चढतं, खारं असतं. त्याच जागी ओहोटीला वरून नाल्यांचं पाणी उतरतं. निवट्या (चिखलातले मासे) तर ओहोटीला चिखलावर नाचतात, भरतीला बघायला मिळत नाहीत. आणि ऑगस्टचं पाणी धरूच नका, पावसात आमच्याकडे खाडी गोडीच होते म्हणायची. नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी हात लावत नाही.

पाणबुडी
चिंबोरीदादा, तुम्ही गणित येत नाही म्हणता आणि अख्ख्या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्हीच विचारलात.

ऑगस्टात क्षारता कोसळते, पाणी गढूळ होतं, आणि तळातले जीवही बदलतात. मग पाण्याची यादी आणि जिवांची यादी एकत्र हलली तर ती एकमेकींमुळे हलली की दोघींना पावसाने ढकललं, हे कसं ओळखणार? ताई, पिसताना ऋतूच्या आत पिसा. मे महिन्याचे सहा नमुने आपसात, ऑगस्टचे सहा आपसात. असं केलं की पावसाचा वाटा पिसलेल्या खेळांतही तसाच राहतो, आणि जास्तीचं काही असेल तरच तुमचा आकडा उठून दिसतो.

तिरपागडा
रोहित पक्ष्यांचं काय? सगळं ठाणे त्यांचेच फोटो काढतं, प्रकल्पात एकही नाही?

पाणबुडी
खाडीचं अभयारण्य त्यांच्याच नावाने झालं, २०१५ ला, आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) आलं. पण ते हिवाळी पाहुणे, उडून जातात. गाळातला कृमी जागचा हलत नाही, त्याला पाण्याचं सगळं सोसावं लागतं. पाण्याची परीक्षा घ्यायची तर साक्षीदार तोच बरा. फोटो चांगला येत नाही एवढंच.

खाडीकाठची
तीन दिवसांनी येतेय. सगळ्यांचं ऐकून केलं ते असं:

पाण्याकडून क्षारता, ऑक्सिजन, पोयटा. जीवांकडून पॉलिकीट, शिंपले, अँफिपॉड, हेलिंजर करून. निवड वहीत आधी लिहिली, तारीख टाकली, मग संगणक उघडला. (मास्तरांच्या धाकाने.)

पहिला सहसंबंध ०.७८. सरसकट पिसलं तर सरासरी ०.५३, आणि हजारात फक्त १२ वेळा ०.७८ च्या वर. मी उडीच मारली.

मग ऋतूच्या आत पिसलं. हजारात १६३ वेळा वर. उडी परत खाली.

म्हणजे माझ्या आकड्यातला बराचसा भाग पावसाळ्याचा आहे, बरोबर ना? लोडिंगमध्येही तेच दिसतंय, क्षारता सगळ्यात पुढे, आणि ऑगस्टचे सहा ठिपके आलेखात एका कोपऱ्यात घोळका करून बसलेत.

सरांना दाखवलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, "मी करस्पॉन्डन्स म्हणालो होतो." मग स्वतःच हसले. ८८ टक्क्यांचं वाक्य त्यांनीच लाल पेनाने काटलं. आता आरडीए करतेय, ऋतू बाजूला काढून. प्रबंधात हे ०.९४, ०.८९ चं प्रकरण तसंच्या तसं लिहायला सांगितलंय, परिशिष्टात.

निवृत्तमास्तर
परिशिष्टात कशाला, मुख्य प्रकरणात घाला. बाहेरून येणारे परीक्षक माझ्यासारखे असतील तर आधी तेच पान उघडतील.

रबाळेकर
आणि ऋतू काढून '१६३ वेळा' म्हणजे नातं नाही असं लिहू नका हं. चोवीस नमुन्यांत दिसलं नाही, एवढंच. आमच्या नव्या साहेबांना हा फरक समजावताना दोन वर्षं गेली.

खाडीकाठची
लिहिते. आणि सरांनी अजून दोन फेऱ्यांना परवानगी दिलीय, यावेळी भरती-ओहोटी बघून. चिंबोरीदादा, ओहोटीची वेळ कशी काढायची? वेळापत्रक आहे, पण होडीवाले काका काही वेगळंच सांगतात.

चिंबोरी
ते तिथीवरून सांगत असतील. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. खाडीत आत आलात की थोडी उशिरा धरा. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, सहा जागा एका दिवसात निवांत होतील. पौर्णिमा-अमावास्येला येऊ नका, चिखलात होडी बसली तर सहा तास तिथेच बसाल.

गावदेवी
तिथी गुणिले पाऊण. सात जोड्या नाहीत, मॅट्रिक्स नाही, भार एकच.

चिंबोरी
भार होडीत बसणाऱ्यांचा बघा. चारच्या वर माणसं आणू नका ताई, आणि चाळण्या धुवायला गोडं पाणी घरून आणा. आमच्या जेट्टीवरच्या नळाला दुपारी पाणी नसतं.